ग्रुपवर ‘येस सर’ टाकलं म्हणजे सहभाग झाला का? ऑनलाइन वर्गातल्या गुणांचा हिशोब

निकाल लागला की गावात चर्चा होते ती टक्क्यांची. कुणाच्या पोराला किती पडले, कुणाची पोरगी तालुक्यात पहिली आली. पण या टक्क्यांतले काही गुण परीक्षेच्या हॉलमध्ये पडलेलेच नसतात. ते आधीच, वर्षभरात, मास्तरांच्या नोंदवहीत पडलेले असतात. त्यांना आपण अंतर्गत गुण म्हणतो. तोंडी परीक्षा, प्रकल्प, वही, हजेरी असे त्याचे जुने कप्पे सगळ्यांना माहीत आहेत. आता त्यात एक नवा कप्पा आला आहे : ऑनलाइन वर्गातल्या चर्चेत घेतलेला सहभाग.

सर किंवा मॅडम ग्रुपवर प्रश्न टाकतात, मुलांनी उत्तरं द्यायची, एकमेकांच्या मुद्द्यावर बोलायचं आणि कोण किती बोललं ते पाहून गुण. कल्पना चांगली आहे. वर्गात मान खाली घालून बसणारं पोरगं फोनवर चार ओळी लिहितं, हा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. पण नेमकं काय मोजायचं हे आधी ठरलेलं नसेल तर घोटाळा होतो. मग गुण मुलाच्या विचाराला मिळत नाहीत. ते मिळतात त्याच्या फोनला, रेंजला आणि घरात त्याला मिळणाऱ्या मोकळ्या वेळाला.

हा प्रश्न आत्ताच का?

लॉकडाऊन संपला, शाळा-कॉलेजं भरली, मग ऑनलाइनचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. पण ऑनलाइन वर्ग गेलेला नाही, तो नियमित वर्गाच्या शेजारी येऊन बसला आहे. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आता बहुतेक शाळांत आहे. अतिवृष्टीची सुट्टी जाहीर झाली की त्याच ग्रुपवर अभ्यास येतो. कॉलेजात गूगल क्लासरूम आहे.

दुसरं कारण नव्या शैक्षणिक धोरणाचं. २०२० च्या या धोरणाने वर्षाअखेरच्या एका परीक्षेचं वजन कमी करून सतत मूल्यमापनावर भर दिला. महाराष्ट्रात विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांच्या पदवी वर्गांना ते २०२४-२५ पासून लागू झालं. अंतर्गत गुणांचं प्रमाण विद्यापीठानुसार वेगळं असलं, तरी ते महत्त्वाचे झालेत हे सगळीकडे खरं आहे. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार कॉलेजला एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन व्यासपीठावरून करू देता येतात. म्हणजे तालुक्याच्या कॉलेजातली पोरगी घरी बसून ऑनलाइन विषय करील आणि तो तिच्या पदवीत मोजला जाईल, हे आता नियमात बसतं.

अंतर्गत गुणांनी काय होऊ शकतं हे आपण २०२१ मध्ये पाहिलं आहे. कोरोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली. तेव्हा १०० गुणांची वाटणी अशी ठरली : ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० गुण दहावीच्या वर्षभरातल्या अंतर्गत लेखी मूल्यमापनावरून आणि २० गुण गृहपाठ, तोंडी व प्रात्यक्षिकावरून. राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के. अकरावीसाठी सरकारने वेगळी सीईटी ठेवली होती, ती ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. प्रवेश मग याच गुणांवर झाले. ज्या वर्षी बहुतेक शिक्षण फोनवर चाललं, त्या वर्षीची शाळेतली नोंद पोरांच्या अकरावीच्या दारापर्यंत गेली.

फोन घरात आहे, हातात नाही

‘आता सगळ्यांकडे स्मार्टफोन आहेत’ हे वाक्य शिक्षकांच्या बैठकीत हमखास ऐकू येतं. त्यातलं अर्धंच खरं आहे.

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या पाहणीत ग्रामीण भागातली मुलं आणि घरं पाहिली जातात. २०१८ मध्ये देशातल्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. सप्टेंबर २०२० मध्ये हा आकडा ६१.८ टक्क्यांवर गेला. तरीही तेव्हा थेट ऑनलाइन वर्ग मिळत होता तो साधारण ११ टक्के मुलांनाच. बाकी अभ्यास आला तो मुख्यतः व्हॉट्सॲपवरून.

२०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना तो वापरता येत होता. पण ज्यांना वापरता येतो त्यांच्यापैकी स्वतःचा फोन होता ३६.२ टक्के मुलग्यांकडे आणि फक्त २६.९ टक्के मुलींकडे.

म्हणजे बाकीच्यांचं काय? घरातला एक फोन बापाच्या खिशात असतो. बाप बाजार समितीत, नाहीतर शेतावर. तो संध्याकाळी आला की फोन धाकट्या भावाकडे जातो. जेवणं झाली, भांडी झाली, मग ताईच्या हातात. तेव्हा रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. सरांनी सकाळी अकराला टाकलेल्या प्रश्नावर तोवर चाळीस उत्तरं येऊन पडलेली असतात. आता नवीन काय बोलणार?

यात मुलींची आणखी एक अडचण आहे, तिच्यावर उघड कुणी बोलत नाही. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की नंबर सगळ्यांना दिसतो. मग ‘हाय’, ‘जेवलीस का’ सुरू होतं. घरी कळलं तर फोनच बंद व्हायचा, या भीतीने पोरगी ग्रुपवर गप्प राहते. मास्तरांच्या यादीत तिच्या नावापुढे येतं : सहभाग नाही.

मुलींच्या हातातल्या फोनचा प्रश्न कोर्टातही गेला आहे. केरळमधल्या एका कॉलेजच्या वसतिगृहात मुलींना संध्याकाळी ६ ते रात्री १० फोन वापरायला बंदी होती. एका मुलीने ती मानली नाही म्हणून तिला वसतिगृहातून काढलं. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला सांगितलं आणि इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. अभ्यास फोनवर द्यायचा आणि फोन हातात येऊ द्यायचा नाही, हे दोन्ही एकत्र चालत नाही.

मोजायला सोपं तेच मोजलं जातं

सहभाग मोजण्याच्या प्रचलित पद्धती साधारण तीन. पहिली, कोण ऑनलाइन हजर होतं त्याची यादी. दुसरी, कॅमेरा चालू होता का. तिसरी, ग्रुपवर किती मेसेज टाकले.

तिन्ही पद्धती मास्तरांच्या दृष्टीने सोप्या आहेत. पण हजेरी म्हणजे सहभाग नव्हे. फोन चार्जिंगला लावून मीटिंग चालू ठेवायची आणि आपण गोठ्यात जायचं, हे पोरांना कधीच जमलंय. कॅमेऱ्याचं म्हणाल तर एकाच खोलीच्या घरात, जिथे मागे आजी खोकतेय आणि आई भाकऱ्या थापतेय, तिथे कॅमेरा चालू करायची लाज वाटणं साहजिक आहे. वर व्हिडिओ चालू ठेवला की दिवसाचा डेटा झपाट्याने संपतो.

मेसेज मोजण्याचा परिणाम सगळ्यात वाईट. मुलं हुशार असतात. कशाला गुण आहेत ते त्यांना लगेच कळतं. मेसेजला गुण असतील तर मेसेज येतात. ‘येस सर’, ‘बरोबर सर’, ‘छान माहिती’, ‘सहमत आहे’, अंगठ्याचं चिन्ह. ग्रुप भरून वाहतो आणि चर्चा कुठेच नसते. आता त्यात एआयची भर पडली. प्रश्न ॲपमध्ये टाकला की दोनशे शब्दांचं गुळगुळीत उत्तर मिनिटात तयार. ते जसंच्या तसं ग्रुपवर. वाचणाऱ्याला वाटतं पोरगं फार पुढे गेलं.

एक प्रश्न, तीन उत्तरं

हे नीट समजायला एक कल्पित उदाहरण घेऊ. भूगोलाच्या वर्गाला प्रश्न दिला : ‘आपल्या गावातल्या विहिरींचं पाणी लवकर का आटतं?’

पहिल्या मुलाने पाच मेसेज टाकले. ‘पाऊस कमी सर’, ‘हो सर’, ‘बरोबर’, ‘पाणी वाचवा’, आणि एक अंगठा.

दुसऱ्याने भूजल, पर्जन्यमान, हवामानबदल असे शब्द असलेला मोठा परिच्छेद टाकला. त्यात चूक काही नाही, पण गावही नाही. हा परिच्छेद कुठल्याही गावाला चालेल.

तिसरी मुलगी. तिने दुसऱ्या दिवशी रात्री एकच मेसेज टाकला : ‘बोअर वाढले म्हणून विहिरी आटल्या असं वरती लिहिलंय. आमच्या मळ्याच्या आजूबाजूला पाच बोअर झालेत, तिथली विहीर फेब्रुवारीतच आटते. पण ओढ्याचं खोलीकरण झालं तिथल्या चुलत्यांच्या विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी असतं, आणि बोअर तर तिथेपण आहेत. मग नुसत्या बोअरमुळे म्हणता येईल का?’

मेसेज मोजले तर पहिला पोरगा पहिला आला. लांबी मोजली तर दुसरा. वेळ मोजली तर मुलगी शेवटची. पण चर्चा म्हणजे काय ते या तिघांत एकटीने केलं. तिने दुसऱ्याचं वाचलं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला पुरावा दिला, त्या पुराव्याने आधीच्या मुद्द्याला धक्का दिला आणि नवा प्रश्न उभा केला. मास्तरांना पुढचा तास याच प्रश्नावर घेता येईल.

ऑनलाइन चर्चेचा अभ्यास करणारे हेच सांगत आले आहेत. कॅनडातले गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या तिघांनी २००० च्या सुमारास अशा चर्चांसाठी एक चौकट मांडली, ती आजही जगभर वापरली जाते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे विचार चार पायऱ्यांनी चढतो : आधी प्रश्न टोचतो, मग माहिती गोळा होते, मग मुद्दे एकमेकांना जोडले जातात आणि शेवटी त्यातून उत्तर किंवा उपाय निघतो. आपल्या उदाहरणातला पहिला मुलगा पायरीवर चढलाच नाही. दुसरा दुसऱ्या पायरीवर थांबला. मुलगी तिसरीवर पोचली.

गुण द्यायचेच तर कसे?

सहभागाला १० गुण ठेवले असतील तर त्यांची फोड अशी करता येईल. स्वतःचा मुद्दा आणि त्याला आधार, मग तो पुस्तकातला असो की शिवारातला : ४ गुण. दुसऱ्याच्या मुद्द्याला जोडून किंवा तो खोडून काही म्हटलं का : ३ गुण. नवा प्रश्न विचारला किंवा चर्चेनंतर स्वतःचं मत बदललं : २ गुण. बोलण्यातली सभ्यता : १ गुण. मेसेजच्या संख्येला शून्य, आणि मुदतीच्या आत असेल तर वेळेलाही शून्य.

मुदत किमान तीन दिवसांची हवी. ‘आत्ता लगेच उत्तर द्या’ म्हणजे ज्याच्या हातात फोन त्याचीच शर्यत. तीन दिवस दिले की रात्री साडेनऊवाली ताईसुद्धा शर्यतीत येते, आणि डोंगरावर जाऊन रेंज शोधणारा पोरगाही.

उत्तर टाइप केलेलंच हवं हा हट्ट नको. आवाज रेकॉर्ड करून पाठवलेलं चालावं. वहीवर लिहून काढलेला फोटो चालावा. बोली चालावी. नंदुरबारचं पावरी बोलणारं, मेळघाटातलं कोरकू बोलणारं, खानदेशातलं अहिराणी बोलणारं लेकरू प्रमाण मराठीत अडखळतं, याचा अर्थ त्याला मुद्दा नाही असा होत नाही. भाषेचे गुण भाषेच्या पेपरात आहेतच. ज्याच्याकडे फोनच नाही त्याने दुसऱ्या दिवशी वर्गात दोन मिनिटं तोंडी बोललं तर तेही तेवढंच धरावं.

मुलींच्या नंबरचा प्रश्न असेल तिथे चर्चा गूगल क्लासरूमसारख्या ठिकाणी न्यावी, तिथे एकमेकांचे मोबाइल नंबर दिसत नाहीत. आणि एआयवर उपाय फार अवघड नाही. वर्गात उभं करून एवढंच विचारायचं : ‘हे तू लिहिलंस ना, मग आपल्या गावातलं एक उदाहरण सांग.’ ज्याने विचार केलाय तो सांगतो.

‘स्वयम’ला जमलं ते शाळेला का नाही?

२०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम’वरच्या अभ्यासक्रमाचे चार भाग असतात : व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वतःची चाचणी आणि चर्चेचं व्यासपीठ. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे एनपीटीईएल अभ्यासक्रम याच व्यासपीठावर चालतात. तिथे २५ गुण साप्ताहिक स्वाध्यायांना आणि ७५ गुण केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला असतात. चर्चेत कोण किती बोललं याला गुण नाहीत. चर्चा आहे ती अडलेलं विचारायला.

त्यांचा आणखी एक नियम आपल्या कामाचा आहे. १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात १२ पैकी सर्वांत चांगले ८ स्वाध्याय धरतात, बाकीचे ४ सोडून देतात. कुणाच्या घरी लग्न, कुणाचं आजारपण, कुठे चार दिवस वीज नाही, हे सगळं त्या चार आठवड्यांत सामावतं. कांदा काढणीला, कापूस वेचणीला घरातलं प्रत्येक माणूस लागतं, अशा आपल्या भागात ही सवलत किती मोलाची आहे ते वेगळं सांगायला नको.

मास्तरांचीही बाजू आहे

एवढं सगळं वाचून कुणी शिक्षक म्हणेल, ‘लिहायला सोपं आहे. माझ्या वर्गात साठ पोरं, वर निवडणुकीचं काम, पोर्टलवर माहिती भरायची, आणि आता प्रत्येकाचा मेसेज वाचून त्याची पायरी ठरवू?’ हा आक्षेप खोटा नाही. मेसेज मोजण्याची पद्धत रूढ झाली ती शिक्षक आळशी म्हणून नव्हे, वेळ नाही म्हणून.

पण साठही मुलांना दर आठवड्याला तपासायची गरज नाही. आठवड्याला पंधरा मुलांचंच लेखन नीट वाचायचं. चार आठवड्यांत सगळा वर्ग होतो, बारा आठवड्यांत प्रत्येक मूल तीन वेळा तपासलं जातं. त्यातले चांगले दोन धरायचे. कुणाची पाळी कधी, हे मुलांना आधी सांगायचं नाही, म्हणजे सगळे लिहिते राहतात.

आणि अशा नोंदी ठेवणं आपल्या शिक्षकांना नवीन नाही. राज्याने २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं तेव्हापासून प्राथमिक शाळेत आकारिक मूल्यमापन होतं. त्यात दैनंदिन निरीक्षण आहे, तोंडी काम आहे, उपक्रम आहे. त्या निर्णयानुसार पहिली-दुसरीला आकारिकचं वजन ७० टक्के आणि सातवी-आठवीला ४० टक्के होतं. ‘प्रश्न विचारतो’, ‘इतरांचं ऐकून घेते’ अशा वर्णनात्मक नोंदी जिल्हा परिषदेच्या शाळांतले गुरुजी वर्षानुवर्षं लिहीत आले आहेत. तीच नजर ऑनलाइन चर्चेला लावायची आहे. शाळेच्या अंगणात बोलणारं पोर जसं पाहतो, तसं ग्रुपवर लिहिणारं पोर पाहायचं.

पालकांनी काय विचारायचं?

पालकसभेत आपण बहुधा गणवेश, पोषण आहार आणि फीबद्दल बोलतो. यंदा चार प्रश्न आणखी विचारा. ते शाळा व्यवस्थापन समितीत मांडता येतील, आणि कॉलेजात असलेल्या मुलामुलींना आपल्या विभागप्रमुखांना स्वतः विचारता येतील.

एक, ऑनलाइन सहभागाला गुण आहेत का, आणि असतील तर किती? दोन, ते कशावरून देणार, हे सत्राच्या सुरुवातीला लेखी सांगणार का? तीन, ज्याच्याकडे फोन नाही किंवा रेंज नाही त्याच्यासाठी दुसरा रस्ता काय? चार, मुलाला मिळालेले गुण आणि त्याचं कारण सत्र संपण्याआधी दाखवणार का, म्हणजे चूक असेल तर दुरुस्त करता येईल?

यात भांडणाचं काही नाही. ज्या शिक्षकाने आधीच विचार केला आहे, त्याला उत्तर द्यायला दोन मिनिटं लागतील. ज्याने केलेला नाही, त्याच्यावर विचार करायची वेळ येईल, आणि तेही चांगलंच आहे.

घरापुरतं एक काम मात्र शाळा करू शकत नाही. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणून पालकांना फोन द्यायची धास्ती वाटते, ती समजण्यासारखी आहे. पण त्यावर पोरीचा फोन काढून घेणं आणि पोराला तसाच ठेवणं हा उपाय नाही. रोज संध्याकाळी एक तास फोन अभ्यासाचा, आणि त्यात मुलगा-मुलगी दोघांची पाळी सारखी, एवढं ठरवलं तरी पुरे. वर्गातल्या प्रश्नावर तिला काय वाटतं ते आधी घरात बोलू द्या. विहीर कधी आटते हे तिला तुमच्याइतकंच ठाऊक आहे. ते ग्रुपवर लिहायला तिला एक तास फोन हवा आहे.